तिसरा चोर

५ मार्च

फौजदारकाका,

नमस्कार. मी नळी, मास्तरांची भाची. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत दिवसभर काचेच्या नळ्या हलवत बसते म्हणून मामाने ठेवलेलं हे नाव तुमच्या कानावर असेलच. तुम्ही घरात फोन ठेवत नाही, कारण बोललेलं खोडून दुरुस्त करता येत नाही, हेही मामानेच सांगितलं होतं. तेव्हा पत्र.

मामाला जाऊन दोन आठवडे झाले. झोपेत गेला, शांतपणे, ते कार्डात कळवलं होतंच. नातेवाईक दोन दिवसांत येऊन आटपले. वाचक मात्र अजून येताहेत. परवा एक बसड्रायव्हर आला. त्याच्या बसला त्याने मामाच्या दुसऱ्या कादंबरीतल्या यानाचं नाव दिलंय म्हणे. "मास्तर कुठल्या खुर्चीत बसून लिहायचे?" एवढंच विचारलं, खुर्चीकडे बघत पाच मिनिटं उभा राहिला आणि गेला. खाली बस उभी होती, प्रवाशांसकट. काल एक दातांची डॉक्टर आली. अकरा वर्षांची असताना मामाची बर्फाखालच्या समुद्राची गोष्ट वाचून ती तीन दिवस रडली होती, ती उरलेलं रडायला माझ्या खांद्यावर आली. काका, ही माणसं इतकी रडतात की घरच्यांना रडायला सवडच मिळत नाही.

शोकसभा झाली. एक वक्ते म्हणाले, मास्तर मुलांसाठी गमतीदार गोष्टी लिहायचे. मी ताडकन उभी राहिले आणि सगळ्यांनी वळून बघितल्यावर गुपचूप खाली बसले. ते खाली बसणं मला अजून डाचतंय. म्हणून आता एकच ठरवलंय. मामाची शेवटची कादंबरी जशी त्याने लिहिली तशीच बाहेर आली पाहिजे. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

पहिली अकरा प्रकरणं निळ्या फायलींत लावलेली मिळाली. बारावं, म्हणजे शेवटचं, अजून हाताला लागलेलं नाही. असेल कपाटात कुठेतरी. गेल्या रविवारी त्याची खोली एका दमात आवरली. कॉटखाली त्याच्या शाळेतल्या उरलेल्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे होते, वीस वर्षांपूर्वीचे! सगळे भंगारवाल्याला दिले. आता पंखा लावला की खोलीत वारा तरी फिरतो. प्रकाशकांना सगळं तीस एप्रिलपर्यंत हवंय.

तुमच्याकडे एक काम आहे. मामा प्रत्येक हस्तलिखितात मुद्दाम तीन चुका पेरायचा आणि तुम्ही त्या पकडायच्या, ती तुमची चोर-पोलिसांची भानगड मला माहीत आहे. प्रकरण एक ते आठच्या फायलींना तुमच्या लाल शाईच्या याद्या टाचलेल्या आहेत. नऊ आणि दहाला नाहीत, अकरालाही नाही. तेवढ्या याद्या पाठवाल का? चोर काढल्याशिवाय पुस्तक छापायला कसं देऊ?

तुमची,
नळी

---

१३ मार्च

चि. नळीस,

पत्र पोचलं. मी टंकयंत्रावर लिहितो आहे, हात थरथरतो म्हणून. राग मानू नये.

तुझा मामा गेल्याचं कार्ड आलं त्या दिवशी मी घड्याळाला किल्ली द्यायला विसरलो. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. घड्याळ बंद पडलं ते मी तसंच ठेवलं आहे. यात काही काव्य नाही. किल्ली द्यायचा कंटाळा येतो.

आमची ओळख भांडणाने झाली. मी छापखान्यात मुद्रितं तपासायला होतो. त्याची पहिली गोष्ट माझ्याकडे आली. मंगळावरचा माणूस पान तीनवर टोपी काढतो आणि पान पाचवर पुन्हा तीच टोपी काढतो. मी समासात लिहिलं, "याच्याकडे टोप्या किती?" दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ शाळा सुटल्यावर थेट छापखान्यात. मला वाटलं, मारायला आला. तर म्हणाला, "तीन चुका मी मुद्दाम ठेवल्या होत्या, कोणी वाचतं का ते बघायला. तुम्ही चार काढल्या. चहाला चला." त्या दिवसापासून मी फौजदार झालो.

आयुष्यात त्याने कोरा कागद विकत घेतला नाही. उरलेल्या प्रश्नपत्रिकांच्या पाठीवर लिहायचा. एका बाजूला "खालीलपैकी कोणतेही चार प्रश्न सोडवा" आणि दुसऱ्या बाजूला आकाशगंगा. अक्षर असं की माझ्याशिवाय कोणाला लागत नसे.

चोरांचं म्हणशील तर नवव्या-दहाव्यात या वेळी चोर नव्हते. मी सप्टेंबरातच त्याला तसं कळवलं होतं. अकरावं जानेवारीत आलं. तेही बघितलं. ठीक आहे. तेव्हा यादी नाही.

माणूस दमतो. खोड्या काढायचाही दम संपतो. त्यात विशेष काही नाही.

बाराव्याचं काय झालं ते कळव. त्याने शेवट मला कधी सांगितला नाही.

तुझा,
फौजदार

---

२२ मार्च

फौजदारकाका,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. प्रश्नपत्रिकांचा परिच्छेद चारदा.

आधी कामाचं. मी नववं प्रकरण टाइप करते आहे. (मामाचं अक्षर मलाही थोडंफार लागतं. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून डोळे तयार झालेत.) काका, नवव्यात यानाचा कप्तान जेवणाच्या टेबलावर येऊन सगळ्यांना झापतो. हा कप्तान तिसऱ्या प्रकरणात मेलाय! त्याचं प्रेत अवकाशात सोडलंय, अर्धं प्रकरण सगळे त्यावर बोलताहेत. दहाव्यात यानाला पाच खिडक्या आहेत आणि आठजण एकेका खिडकीशी उभे आहेत. हे चोर नव्हेत, हे हत्ती आहेत. टोप्या मोजणाऱ्या माणसाच्या नजरेतून मेलेला कप्तान सुटला?

मी समजू शकते. तुम्हाला मामाचं वाचवत नसणार. मलाही त्याची खुर्ची बघवत नाही. तुमच्या पत्रातही ओळी एकमेकींवर चढल्या आहेत, दोन जागी शब्द अर्धेच आहेत. स्वतःला सांभाळा. याद्यांचं मी बघते.

अकराव्याचं नवल वाटलं. ते इथे फायलीत आहे, म्हणजे तुमच्यासाठी मामाने दुसरी प्रत केली असणार. मामा आणि दुसरी प्रत! आजारात माणूस बदलतो हेच खरं.

बारावं मिळालं. टाइप करायला घेतलं आहे. काळजी नको. सहज एक विचारते, शेवटाबद्दल तो तुमच्याशी कधीच काही बोलला नव्हता का? एखादं वाक्य, एखादी खूण? आपलं कुतूहल म्हणून.

उद्या रविवार. मला गावाबाहेर जरा काम आहे.

तुमची,
नळी

---

३० मार्च

चि. नळीस,

मी चाळीस वर्षं चुका पकडून पोट भरलं. तुझ्या पत्रात दोन आहेत.

एक. "आजारात माणूस बदलतो." कसला आजार? तू कार्डात लिहिलंस, झोपेत गेला. मी समजलो, अचानक गेला. मग हा आजार कुठून आला?

दोन. बारावं तुला मिळालं आहे, तू टाइप करते आहेस. पण त्याच आठवड्यात प्रकाशकांचं मला पत्र आलं. ते लिहितात, "मास्तरांच्या भाचीने शेवटचं प्रकरण उपलब्ध नसल्याचं कळवलं आहे. आम्ही एका चांगल्या तरुण लेखकाकडून शेवट लिहून घ्यायचं ठरवत आहोत. मास्तरांचे जुने स्नेही म्हणून आपली संमती मिळाल्यास वाचकांना विश्वास वाटेल." तरुण लेखकाने शेवट काय योजला आहे तेही कळवलं आहे. निरोप पाठवणारा माणूस मेलेलाच नसतो. त्याला बर्फात निजवून ठेवलेलं असतं. यान परत फिरतं, दोघांची गाठ पडते, डोळ्यांत पाणी.

मी तिथल्या तिथे कळवलं, माझ्या हयातीत नाही. मास्तरने ही कादंबरी कशावर लिहिली? यानावरच्या तारवालीला घरून निरोप येतात. एकेक निरोप पोचायला एकोणीस वर्षं लागतात. पाठवणारा केव्हाच गेला आहे हे तिला अकराव्यात कळतं, आणि तरी पेटीत त्याचे निरोप येतच राहतात. आता तिने उत्तर द्यायचं की नाही, हा प्रश्न आहे. त्याला बर्फातून उठवून बसवलं तर प्रश्नच उरत नाही. ती मग कादंबरी नव्हे, लग्नाची पत्रिका.

पण माझा नकार हवेत राहतो. तीस एप्रिलला हातात प्रकरण नसेल तर ते त्यांना हवं ते छापतील. तेव्हा सरळ सांग. बारावं कुठे आहे?

मी रागावलो नाही. फौजदार म्हणून विचारतो आहे.

तुझा,
फौजदार

---

७ एप्रिल

फौजदारकाका,

पकडलंत. घ्या जबाब.

बारावं प्रकरण मी भंगारात विकलं.

नोव्हेंबर-डिसेंबरात मामा कॉटवर बसून ते लिहीत होता, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. संध्याकाळी लिहिलेली पानं तो कॉटखालच्या गठ्ठ्यातच उलटी सरकवून ठेवत असणार, उठून कपाटापर्यंत जायला नको म्हणून. हे मला तेव्हा सुचलं नाही. मी गठ्ठे ओढले, वरची दहा-बारा पानं उलटून बघितली, कोरी होती. वर छापलेलं होतं, "इयत्ता नववी, सामान्य विज्ञान". मी ते लेबल वाचलं आणि दिलं बांधून. काका, प्रयोगशाळेत नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी सांगते, लेबलावर विसंबू नका, नळीत काय आहे ते बघा. पंधरा वर्षांत माझ्या हातून एका पेशंटचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलेलं नाही. आणि मामाचं शेवटचं प्रकरण मी किलोवर घातलं.

तुम्ही प्रश्नपत्रिकांबद्दल लिहिलंत तेव्हा कळलं, मी काय बांधून दिलं ते. त्याच संध्याकाळी भंगारवाल्याकडे गेले. माल पुढे गेला होता. त्या रविवारी गोदामात गेले. पुढच्या रविवारी कागद कारखान्यात. तिथल्या मुकादमाने मला टाकीच दाखवली. राखाडी लगदा फिरत होता. मुकादम चांगला माणूस, म्हणाला, "ताई, आता यातून तुमचं काही निघायचं नाही, पण नवीन कागद चांगला निघेल." मी घरी येऊन हात धुतले. आणि तुम्हाला त्याआधीच लिहून बसले होते काय, तर बारावं मिळालं. तोंडच नव्हतं खरं सांगायला.

आणि आजार. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मामाचं रक्त माझ्याच प्रयोगशाळेत आलं. रिपोर्ट मीच छापला. मामाने वाचला, घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवला आणि म्हणाला, "फौजदाराला कळता कामा नये. तो लगेच धावत येईल आणि माझं लिहिणं राहील." मी शब्द दिला होता. तो गेल्यावरही मोडवत नव्हता.

आता माझं ठरलं आहे. रडून झालं. पुस्तक अकरा प्रकरणांचं निघेल. शेवटी एक कोरं पान आणि त्यावर खरं काय झालं ते, माझ्या नावानिशी. भाचीने रद्दीत घातलं असं छापा, हे मी प्रकाशकांना स्वतः जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "तुमची बदनामी होईल." म्हटलं, होऊ दे. बसड्रायव्हर बस घेऊन माझ्या अंगावर आला तरी चालेल, पण तो बर्फातला माणूस नको. ते म्हणतात, फौजदारांनी लेखी पाठिंबा दिला तर विचार करू. तुम्ही शेवटची तीन प्रकरणं तपासली आहेत, तुमच्या शब्दाला वजन आहे. चार ओळी लिहून पाठवाल?

शिव्या घातल्यात तरी चालेल. फक्त ओळी पाठवा.

नळी

---

१३ एप्रिल

नळी,

चार ओळी पाठवता येत नाहीत, कारण त्या खोट्या ठरतील. आता माझा जबाब घे.

मला दिसत नाही.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून नजरेच्या बरोबर मधोमध एक डाग आहे. जिथे बघावं तिथेच डाग. कडेकडेने दिसतं. दार दिसतं, माणूस दिसतो, माणसाचा चेहरा दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, यावर शस्त्रक्रिया नाही. टंकयंत्र बोटांच्या सवयीने चालतं, म्हणून तुला ओळी एकमेकींवर चढलेल्या दिसल्या. हात थरथरतो हे खोटं होतं. तुझी पत्रं मला खालचा शिंपी वाचून दाखवतो. तोंडात टाचण्या धरून वाचतो, त्यामुळे तुझा सगळा आक्रोश दातांतून येतो. "किलोवर घातलं" याच्याशी थांबला आणि टाचण्या काढून ठेवल्या. बाकीचं नीट वाचलं.

सप्टेंबरात नववं-दहावं आलं तेव्हा मी त्याच शिंप्यापुढे धरलं होतं. पानभर बघून म्हणाला, "काका, ही अक्षरं नाहीत, ही तुरपाई आहे." दुसऱ्या कोणाकडे न्यावं तर गावभर होणार, फौजदार आंधळा झाला. मास्तरला कळणार. मग तो मला पाठवायचं बंद करील, दयेने. ते मला सोसलं नसतं. मी वाचलंच नाही आणि कळवलं, "या वेळी चोर नाहीत, म्हातारा झालास काय?"

माणसाला म्हातारा मी म्हटलं आणि त्याने ते वाचलं. मेलेला कप्तान जेवायला आला होता आणि मी म्हणालो, चोर नाहीत. ती थट्टा करून मी तुझ्या मामाला फसवलं, आणि तो फसलेलाच गेला. दीड महिना हेच मला खातं आहे.

आता जानेवारीतलं पाकीट. मी समजलो अकरावं असणार. उघडलंही नाही. कपाटात पडून आहे. तू लिहिलंस, अकरावं तिथेच फायलीत आहे आणि मास्तर दुसरी प्रत करत नाही. हे मला काल दुपारी खटकलं. तुझं पत्र आलं त्या दिवशी खटकायला हवं होतं. फौजदारकी गंजली.

पाकीट आत्ता टेबलावर काढलं आहे. फार जड आहे. एका प्रकरणाला इतकं वजन नसतं. थांब.

*

दोन तास झाले. शिंपी म्हणतो, सकाळचे अकरा वाजले. शिंपी वर आला होता, त्याला परत पाठवलं. इथून पुढचं मी एकट्याने वाचलं आहे आणि एकट्यानेच लिहितो आहे.

नळी, अक्षरं बोटाएवढी आहेत.

शाळेत तक्त्यावर लिहायला वापरतात त्या जाड काळ्या पेनाने लिहिलं आहे. पानावर सहा ओळी. ओळीत तीन-चार शब्द. मान जरा डावीकडे वळवली, कडेने बघितलं की लागतं. प्रत्येक अक्षर सुटं, शाळेतल्यासारखं. ज्याच्या अक्षराला उभा जन्म मुंग्या लागलेल्या, त्याने पहिलीतल्या मुलासारखं गिरवून काढलं आहे. एकशे अठ्ठेचाळीस पानं. मागच्या बाजूला इयत्ता नववी, सामान्य विज्ञान. पहिल्या पानावर लिहिलं आहे, "प्रकरण बारा".

तुझं रद्दीत गेलं ते कच्चं होतं. हे पक्कं आहे.

वर एक चिठ्ठी होती. तीही मोठ्या अक्षरात. जशीच्या तशी उतरवतो.

"फौजदार, नवव्यात मेलेला कप्तान जेवायला बसतो आणि तू म्हणतोस चोर नाहीत. तेव्हाच कळलं. डोळे गेले हे सांगायला तुला लाज वाटली, मग मीही विचारलं नाही. अकरावं पाठवत नाही, ते बारीक आहे. शेवट मात्र आधी तूच वाचायचा, ही आपली रीत आहे. ती तू मोडलीस तरी मी मोडणार नाही. म्हणून तक्त्याचं पेन आणलं. हात दुखतो पण मजा येते, आपण लिहिलेलं वाचता येतं हे मला या वयात कळलं. चोर नेहमीप्रमाणे तीन आहेत. पकड. माझी काळजी करू नकोस, मी ठणठणीत आहे, साधा खोकलाही नाही. उन्हाळ्यात येतो. तेव्हा चोर हजर कर. मास्तर."

म्हणजे तो फसला नव्हता.

पोस्टावर माझा विश्वास नाही. शिंपी आणि मी दोघं आत्ता झेरॉक्सच्या दुकानात जातो आहोत. पाकीट माझ्या हातात राहील, शिंपी फक्त पैसे देईल आणि मला रस्ता ओलांडून देईल. प्रत आजच निघते. प्रकाशकाला सांग, त्या तरुण लेखकाला दुसरं काम द्या.

फौजदार

---

१८ एप्रिल

फौजदारकाका,

पाकीट प्रयोगशाळेच्या पत्त्यावर आलं. मी मोजे घातलेल्या हातांनी तिथेच फोडलं आणि तिथेच खाली बसले. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई धावत आल्या, त्यांना वाटलं सुई लागली. मी पानं दाखवली. त्यांनी पहिलं पान वाचलं, मग दुसरं वाचलं, मग म्हणाल्या, "आज दुपारच्या नळ्या मी बघते, तू घरी जा."

मामा जानेवारीत दुपारी कॉटवर जाड पेन घेऊन काहीतरी करत बसायचा. मी विचारलं तर म्हणाला, "अक्षर सुधारतोय." आजारी माणसाचा चाळा म्हणून मी सोडून दिलं. पोस्टातही स्वतः गेला. जिना उतरताना दोनदा बसला. मी ओरडले होते त्याच्यावर, काका, एवढा जिना कशाला उतरलास म्हणून.

प्रकाशकांकडे मी प्रत घेऊन गेले. त्यांनी उभ्या उभ्या शेवटची वीस पानं वाचली. मग तिथूनच तरुण लेखकाला फोन लावला. तो बिचारा म्हणे सुटल्यासारखा हसला, त्यालाही बर्फातला माणूस पटत नव्हताच.

तारवाली उत्तर पाठवते! ऐकणारा कोणी उरला नाही हे माहीत असून ती यंत्र सुरू करते, खुर्ची पुढे ओढते आणि घसा साफ करते. आणि तिथे संपतं. ती काय बोलते ते मामाने लिहिलंच नाही. मी टाइप करताना दर वेळी तिथे आले की माझाच घसा साफ करते.

आता चोर. मला दोन सापडले. चौथ्या प्रकरणात यानावरची घंटा फुटते आणि बाराव्यात ती वाजते, हा एक. तारवालीचा डावा कान लहानपणीच निकामी झालेला, आणि ती डाव्या कानाला यंत्र लावून ऐकते, हा दुसरा. तिसरा सापडत नाही. तीनदा वाचलं. बसड्रायव्हरला वाचायला दिलं, त्याला सगळ्या कादंबऱ्या पाठ आहेत, तोही हरला. दातांच्या डॉक्टरने वाचलं, ती नुसतीच रडली.

तीस तारखेला बारा दिवस आहेत. तिसरा चोर पकडल्याशिवाय मी हे छापायला सोडणार नाही, आणि तो पकडायचा मान तुमचा आहे. रोज किती पानं होतात?

नळी

---

२६ एप्रिल

नळी,

हे पत्र हाताने लिहितो आहे. शिंप्याने जाड पेन आणून दिलं. अक्षर वाकडंतिकडं आहे, मोठं आहे, सांभाळून घे. एका पानावर सहाच ओळी मावतात म्हणून पाकीट जड लागेल.

रोज बारा पानं होत होती. सकाळी खिडकीशी, ऊन असेपर्यंत. शेवटच्या दिवशी अधाशासारखा अठ्ठावीस करून बसलो आणि दोन दिवस डोकं धरून पडलो. पण पूर्ण केलं. घंटा पकडली. कान पकडला. दोन्ही मी तुझं पत्र शिंप्याकडून ऐकायच्या आधी पकडले होते, हे नोंदवून ठेव. तुझं पत्र मी वाचन संपेपर्यंत उघडू दिलं नव्हतं. शिंपी साक्षीदार आहे.

तिसऱ्यासाठी पडल्या पडल्या सगळं मनात पुन्हा चाळलं. नाही. मास्तर कधी दोन चोर ठेवून तीन सांगणार नाही. त्या बाबतीत तो फार प्रामाणिक होता. मग काल मी पानं परत पाकिटात घालत होतो आणि चिठ्ठी वर आली.

तिसरा चोर प्रकरणात नाही. चिठ्ठीत आहे. "मी ठणठणीत आहे, साधा खोकलाही नाही."

मास्तर आपणहून तब्येतीचं कधी लिहीत नसे. रिपोर्ट डिसेंबरातला. चिठ्ठी जानेवारीतली. फौजदाराने हे वेळेवर वाचलं असतं तर पहिल्या गाडीने आला असता आणि दारातच म्हणाला असता, पकडला. त्याने तो तिथे ठेवला तो मी पकडावा म्हणून की सुटावा म्हणून, हे मला आता कळायचं नाही. माझे डोळे चांगले असते तरी कळलं नसतं.

घंटा आणि कान तू दुरुस्त कर. घंटेच्या जागी भोंगा कर, कान उजवा कर. बाराव्यातल्या बाकी एका अक्षराला हात लावू नकोस, आणि तीस तारखेला स्वतः नेऊन दे. शोकसभेत खाली बसलीस तशी तिथे बसू नकोस. सगळं छापून होईपर्यंत उभी राहा. मुद्रितं इकडे पाठव. मोठ्या टायपात काढायला सांग. मी तपासणार आहे.

आज घड्याळाला किल्ली दिली.

तिसऱ्या चोराचं म्हणशील तर मी लाल पेन घेऊन बराच वेळ बसलो होतो. बेचाळीस वर्षांत मी एकही सोडला नाही.

तो तसाच राहू दे.

फौजदार